साठीनंतरची सोबत: लपवू नका, तपासून घ्या



आजचा विषय बीपी-शुगरचा नाही, पण बीपी-शुगरशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. ज्यांचा जोडीदार गेला आहे किंवा जे अनेक वर्षांपूर्वी वेगळे झाले आहेत, आणि ज्यांना साठी-सत्तरीत पुन्हा कोणाची तरी सोबत हवीशी वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यांच्या मुला-सुनांनी आणि लेकी-जावयांनीही तो वाचावा अशी माझी विनंती आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका माझे जुने पेशंट. पत्नी होती तोवर त्यांची शुगर अगदी मापात असायची. ती गेली आणि सहा महिन्यांत सगळं बिघडलं. झोप नाही, वजन उतरलेलं, उपाशीपोटी शुगर दोनशेच्या वर. मी गोळ्या वाढवल्या, पुढच्या वेळी आणखी वाढवल्या. एके दिवशी ओपीडीतली गर्दी ओसरल्यावर काका परत आत आले, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, या वयात परत लग्न केलं तर तब्येतीला चालतं का हो?"

मी हसलो. वाईट हेतू नव्हता, पण हसलो. "काका, आता नामस्मरण करायचं," असं काहीतरी बोललोही. काकाही कसनुसं हसले, फाईल उचलली आणि गेले. त्यानंतर वर्षभर ते माझ्याकडे आले नाहीत.

आले ते एका रात्री, मुलाच्या गाडीतून, छातीत दुखतं म्हणून. ईसीजीत बदल दिसत होते. बीपी ठीक होतं, म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी दिली. काही मिनिटांत बीपी सत्तरवर घसरलं, अंगाला घाम फुटला. "काका, दुसरी कुठली गोळी घेतली होती का?" मी दोनदा विचारलं. मुलगा शेजारी उभा होता. काकांनी दोन्ही वेळा मान हलवून 'नाही' म्हटलं. मग सिस्टरनी मुलाला औषधं आणायला बाहेर पाठवलं, तेव्हा काकांच्या तोंडून खरं निघालं. संध्याकाळी त्यांनी लैंगिक ताकदीची गोळी घेतली होती. मित्रानं दिलेली. कोणाला न विचारता.

पाय वर केले, सलाईन दिलं, पुढे अँजिओग्राफीला पाठवलं. काका वाचले. पण त्या रात्रीनंतर मला एक गोष्ट टोचत राहिली. त्यांनी मला वेळेवर विचारलं होतं. उत्तर म्हणून मी हसलो होतो. तेव्हा मी नीट बोललो असतो तर सॉर्बिट्रेट आणि ती गोळी एकत्र चालत नाही हे त्यांना आधीच कळलं असतं, आणि "आज मी अमुक गोळी घेतली आहे" हे सांगायला त्यांना लाज वाटली नसती.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. उतारवयात सोबत शोधण्यात धोके आहेत, पण सगळ्यात मोठा धोका लपवाछपवीचा आहे. आपण 'म्हातारचळ' हा एक शब्द उच्चारतो आणि समोरचा माणूस गप्प होतो. गप्प झालेला माणूस थांबत नाही. तो आडवाटेनं जातो, आणि आडवाटेवर त्याला सांभाळणारं कोणी नसतं.

सोबतीचा तब्येतीशी काय संबंध?

वैद्यकशास्त्राला हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. १९६९ साली इंग्लंडमध्ये ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुर पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होते, आणि त्यातला मोठा वाटा हृदयविकाराचा होता. २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तीन लाखांहून जास्त माणसांचे. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांमध्येही आता एकाकीपणाची गणना होते.

एकटा राहणारा प्रत्येक जण आजारी पडतो, असा याचा अर्थ नाही. एकटं राहून मजेत असलेली कितीतरी माणसं माझ्या ओपीडीत येतात. भजनी मंडळ, शेती, नातवंडं, वाचन यांत त्यांचा दिवस पुरत नाही. त्यांनी कोणाच्या आग्रहाखातर जोडीदार शोधू नये. पण ज्याला घर खायला उठतं, त्याची तक्रार खरी मानायला हवी.

आपल्या श्रीरामपूर भागात हे चित्र मी रोज पाहतो. मुलं पुण्याला, चाकणला, कोणी परदेशात. इथे मोठं घर, अंगण, आणि आत एकच माणूस. पुरुष असेल तर सकाळी चहा-बिस्किट आणि दुपारी डबा. रात्री दूध पिऊन झोपायचं. बाई असेल तर "एकटीसाठी काय करायचं" म्हणून सकाळचीच भाकरी संध्याकाळी. औषध घेतलं का, हे विचारणारं कोणी नाही. पहाटे तीनला छातीत धडधडलं तर उठवायला कोणी नाही. अशा माणसाची शुगर मी गोळ्या वाढवून किती आणणार?

आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा

पहिला: दुःख अजून ओलं आहे का? जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात घर विकणं, पैसे हलवणं, लग्न ठरवणं असे मोठे निर्णय शक्यतो घेऊ नका, असं मी सांगतो. त्या काळात मन आधार शोधत असतं आणि कोणताही आधार खरा वाटतो.

दुसरा: हे दुःख आहे की नैराश्य? दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, झोप आणि भूक गेली आहे, जगणं नको वाटतं, असं असेल तर आधी उपचार घ्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. नैराश्यावर नवीन जोडीदार हे औषध नाही.

तिसरा: मला नेमकं काय हवं आहे? लग्न, एकत्र राहणं, की आठवड्यातून दोनदा गप्पा मारायला, नाटकाला किंवा शिर्डीला बरोबर जायला एक स्नेही? हे आधी ठरवा. पुष्कळ पुरुषांना खरं तर स्वयंपाक आणि सेवा करणारं कोणीतरी हवं असतं. ती गरज खोटी नाही, पण त्यासाठी पगार देऊन माणूस ठेवता येतं. बायकांना याची चांगली जाण असते. एका आजींनी मला सरळ सांगितलं, "डॉक्टर, चाळीस वर्षं एकाचं केलं. आता परत दुसऱ्याचं पथ्यपाणी करायला मी लग्न करू? मला बोलायला माणूस हवंय." त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे आणि पुरुषांनी ते आधी समजून घ्यावं.

हे काही आजच सुरू झालेलं नाही

"आपल्यात असं चालत नाही," असं म्हणणाऱ्यांना थोडी आठवण करून देतो. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं. आज आपण त्यांना महर्षी म्हणतो. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला आणि राज्य सरकारनं तो इतर गावांपुढे उदाहरण म्हणून ठेवला. विधवेला माणूस म्हणून जगू द्यायचं हे आपण हळूहळू मान्य करतो आहोत. ती साठ वर्षांची असली तरी माणूसच असते, एवढंच अजून मान्य व्हायचं आहे.

पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं. वृद्धाश्रम चालवण्याच्या अनुभवातून त्यांना ही गरज दिसली होती. तिथे लोक आधी गटात भेटतात, सहलीला जातात आणि एकमेकांचा स्वभाव पाहतात. जुळलं तर पैशाचं, घराचं, आजारपणाचं काय, हे ठरवून मग एकत्र राहतात. एकत्र राहणं बरोबर की लग्न बरोबर, यावर तुमचं मत वेगळं असू शकतं. पण त्या पद्धतीतली एक गोष्ट मला डॉक्टर म्हणून फार आवडते: सगळं उजेडात, चार माणसांसमोर.

आपल्या गावात नेमकी याचीच अडचण आहे. इथे थत्ते मैदानावर दोघं शेजारी चालले तरी संध्याकाळपर्यंत मेन रोडला बातमी पोचते. मग माणसं लांबच्या गावी जातात, अनोळखी लॉजवर भेटतात किंवा फोनवरच सगळं ठरवतात. गावाच्या तोंडाला घाबरून माणूस अशा जागी जातो जिथे त्याला ओळखणारं कोणीच नसतं. आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी महिन्यातून एकदा एकट्या राहणाऱ्या स्त्री-पुरुषांचा चहा-गप्पांचा कार्यक्रम ठेवला, तर हा धोका निम्म्यानं कमी होईल असं मला वाटतं.

ओळख करून घेताना

१. पहिल्या दोन-तीन भेटी दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी किंवा विश्वासातल्या बहिणीच्या, वहिनीच्या, मित्राच्या घरी घ्या. कुठे, कोणाला भेटायला जातो आहोत हे एका तरी माणसाला सांगून जा.

२. फोनवर महिनोन्महिने गोड बोलणारी, पण प्रत्यक्ष भेटायची वेळ आली की अडचण सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा ती नसतेच जी ती असल्याचं सांगते. फोटो दुसऱ्याचा असू शकतो. आता आवाज आणि व्हिडिओही बनावट करता येतात.

३. 'परदेशातून भेट पाठवली, ती कस्टममध्ये अडकली, सोडवायला पैसे भरा' किंवा 'अचानक ऑपरेशन निघालं, लगेच पाठवा' ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. न भेटलेल्या माणसाला एक रुपयाही पाठवू नका. ओटीपी, एटीएमचा पिन, आधारचा फोटो कोणालाही देऊ नका.

४. अनोळखी व्हिडिओ कॉलवर कपडे काढायला सांगितलं तर फोन बंद करा. ते रेकॉर्ड करून नंतर पैसे उकळतात. असं घडलंच, तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढतच जाते.

५. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. इथेही लाज आड येते. "पोरांना कळलं तर?" या विचारात दोन दिवस जातात आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं. फसवलं जाणं हा गुन्हा नाही. गुन्हा फसवणाऱ्याचा आहे.

६. मध्यस्थ आगाऊ मोठी रक्कम मागत असेल, 'चार दिवसांत लग्न उरकू' म्हणत असेल, मुलीकडचे किंवा मुलाकडचे कोणीच नातेवाईक भेटवत नसेल, तर तिथेच थांबा.

७. आधीचा जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट असेल तर कोर्टाचा हुकूमनामा डोळ्यांनी पाहा. नुसतं 'आम्ही वेगळे राहतो' म्हणजे घटस्फोट नव्हे. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न टिकत नाही.

८. तुमच्या मुलांपासून तोडणारा, फोन तपासणारा, चिडल्यावर हात उगारणारा माणूस वय झालं म्हणून सुधारत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे आणि तातडीच्या वेळी ११२.

शरीराबद्दल, आडपडदा न ठेवता

हा भाग कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.

*हृदय.* दोन जिने न थांबता, छातीत न दुखता, फार धाप न लागता चढता येत असतील तर शरीरसंबंधांचा ताण बहुतेकांच्या हृदयाला झेपतो. नुकताच हार्ट अटॅक आला असेल, थोड्या श्रमानं छातीत दुखत असेल किंवा बीपी ताब्यात नसेल तर आधी तपासणी करा.

*ताकदीच्या गोळ्या.* सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्या योग्य माणसाला डॉक्टरांच्या सल्ल्यानं देता येतात. पण जे सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेट गटातलं कोणतंही औषध घेतात, त्यांनी या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत. दोन्ही एकत्र आली तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. गोळी घेतल्यानंतर छातीत दुखलं तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोला: "मी ही गोळी अमुक वाजता घेतली आहे." सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट टाळावं लागतं. प्रोस्टेटसाठी औषध चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यानंही बीपी उतरू शकतं. 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्येही हीच औषधं मिसळलेली आढळली आहेत.

आणखी एक गोष्ट. पुरुषाला ताठरता येण्यात अडचण सुरू झाली तर ती काही वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची पहिली खूण असते. मधुमेह असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. गोळी मागण्याआधी तपासणी मागा.

*पाळी गेल्यानंतर* योनीत कोरडेपणा येतो आणि संबंध दुखरे होतात. यावर पाण्याचा आधार असलेली जेल आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेलं क्रीम यांचा चांगला उपयोग होतो. निमूट सोसायचं काही कारण नाही. पाळी पूर्ण थांबल्यावर एकदाही रक्त दिसलं, मग ते संबंधांनंतर का असेना, तर तपासणी झालीच पाहिजे. गर्भाशयाच्या कॅन्सरची ती सुरुवात असू शकते.

*लैंगिक आजार.* 'आता दिवस जायची भीती नाही' म्हणून या वयात कोणी कंडोम वापरत नाही. पण एचआयव्ही, गरमी, कावीळ बी यांना वय कळत नाही. संबंध सुरू होण्याआधी दोघांनीही एचआयव्ही, व्हीडीआरएल, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या करून घ्याव्यात. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. नुकताच धोका पत्करला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण सुरुवातीला तपासणीत संसर्ग दिसत नाही. १०९७ वर माहिती मिळते. कंडोमबरोबर खोबरेल किंवा दुसरं तेल वापरू नका, त्यानं रबर फाटतं.

*स्वभाव अचानक बदलला तर.* आयुष्यभर जपून खर्च करणारे वडील एकदम पैसे उधळू लागले, भिडस्त आई अनोळखी माणसांशी भलतंच बोलू लागली, तर त्याला प्रेम किंवा चळ असं नाव देण्याआधी डॉक्टरांकडे आणा. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी होते. पार्किन्सनच्या काही औषधांनीही असं होतं आणि औषध बदलल्यावर ते थांबू शकतं. मात्र फक्त कोणाची तरी ओढ वाटणं हे आजाराचं लक्षण नाही.

कागद आधी, हार नंतर

मी वकील नाही. पण कागद नसल्यामुळे आजारी पडलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून एवढं सांगतो. पुढचं वकिलांना विचारा.

लग्न केलंत तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसताना, नव्या पत्नीला मुलांइतकाच वाटा मिळतो. नुसते एकत्र राहिलात तर मृत्युपत्राशिवाय जोडीदाराला वारसाहक्क मिळत नाही. म्हणजे दहा वर्षं सेवा करणारी बाई तिसऱ्या दिवशी रस्त्यावर येऊ शकते. दोन्ही बाजूंनी इलाज एकच: स्वकष्टाच्या मिळकतीचं मृत्युपत्र. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. सही करतेवेळी मन आणि बुद्धी ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. पुढचं भांडण त्यानं पुष्कळ कमी होतं. घर मुलांना आणि जोडीदाराला तहहयात राहण्याचा हक्क, अशी सोयही करता येते. बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही लक्षात असू द्या.

हयातीत घर किंवा जमीन कोणाच्याही नावावर करू नका, मुलांच्याही नाही आणि नव्या जोडीदाराच्याही नाही. करायचीच असेल तर 'मला शेवटपर्यंत सांभाळायचं' ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो.

कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या भगिनींनी लग्नाआधी आपल्या खात्याचा नियम लेखी विचारून घ्यावा. अनेक ठिकाणी पुनर्विवाहानंतर ते बंद होतं. निराधार योजनेचं अनुदान घेणाऱ्यांनी तहसीलमध्ये चौकशी करावी. आणि दवाखान्यात दाखल झाल्यावर सही कोण करणार, खर्च कोण देणार, हे दोघांनी आणि दोघांच्या मुलांनी एकत्र बसून ठरवावं. मध्यरात्री माझ्या दारात दोन घरांची माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली तर त्यात वेळ पेशंटचा जातो.

मुला-मुलींसाठी

तुमची भीती मला कळते. आईच्या जागी दुसरी बाई पाहवत नाही. बाबांना कोणी लुबाडेल असं वाटतं. जमिनीचं काय होईल हा विचारही मनात येतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. या शंका मोठ्यानं बोला. कागद करून त्यातल्या बऱ्याचशा सुटतात.

पण 'घरात नातवंडं आहेत, शोभतं का?' असं म्हणून विषय संपवू नका. तुम्ही विषय संपवलात तरी त्यांची गरज संपत नाही. ते तुम्हाला सांगायचं तेवढं बंद करतात. मग पासबुक लपतं, फोन लपतो, गोळी लपते. तुम्ही त्यांच्या बाजूनं उभे राहिलात तर समोरच्या माणसाची चौकशी करायला, कागद पाहायला, दवाखान्यात बरोबर यायला त्यांच्याकडे दोन तरुण डोळे असतात. फसवणाऱ्याला नेमकं हेच नको असतं. ज्याच्या मागे घर उभं आहे अशा माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही.

शेवटी काकांविषयी

काकांची अँजिओप्लास्टी झाली. बरे झाल्यावर ते माझ्याकडे आले तेव्हा मी आधी माफी मागितली. मग त्यांच्या परवानगीनं मुलाला आत बोलावलं. ती भेट सोपी नव्हती. मुलगा चिडला, काका रडले, मी पुढचे पेशंट थांबवून ठेवले. लग्न झालं नाही. त्या बाईंची मुलंही तयार नव्हती आणि काकांचीही उमेद थोडी ओसरली होती. पण दोघांचं बोलणं चालू आहे, आणि ते दोन्ही घरांना माहीत आहे. आता काकांच्या फाईलवर लाल शाईनं 'नायट्रेट चालू, ती गोळी नको' असं लिहिलेलं आहे आणि त्यांचा मुलगाच दर महिन्याला ती फाईल घेऊन येतो.

त्या रात्रीपासून मी एक सवय लावून घेतली आहे. जोडीदार गमावलेला पेशंट आला की शुगर, बीपी झाल्यावर विचारतो, "रात्री जेवायला बरोबर कोण असतं?" पुष्कळ जण आधी गप्प बसतात, मग बोलू लागतात.

तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. आणि ते हसले, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. पण विचारायचं सोडू नका.